संशोधनाची बातमी सांगताना ‘नक्की’ कधी म्हणायचं आणि ‘बहुधा’ कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीवर माझी बरीच वर्षं गेली. आता संशोधकांची टिपणं, कृषी सल्ले, आरोग्याची पत्रकं सरळ मराठीत आणून देण्याचं काम करतो. रावेर-यावलचे केळीवाले, शहाद्याकडचे शिक्षक, महाविद्यालयातले प्राध्यापक आणि नवे बातमीदार फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत, त्यामुळे काही लांबली आहेत आणि काही दोन ओळींत आटोपली आहेत.

‘पानी पडी का नही, इतलंच सांग भो.’ शास्त्रज्ञ सरळ उत्तर का देत नाहीत?

देतात, पण आपण विचारतो एक आणि ते सांगतात दुसरंच. शेतकरी विचारतो त्याच्या गटनंबरापुरतं आणि हवामान विभाग बोलतो जिल्ह्याबद्दल. बातमीत ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ असं येतं तेव्हा ‘तुरळक’ हा शब्द सहज आलेला नसतो. पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव हिश्श्यात पाऊस पडेल, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. चोपड्यात नाले वाहिले आणि पाचोऱ्यात नुसती धूळ उडाली, तरी ‘तुरळक’ हा अंदाज बरोबरच ठरतो. पाचोऱ्याचा माणूस मात्र म्हणतो, वेधशाळेचं पुन्हा चुकलं.

२०२३ चं उदाहरण घ्या. त्या एप्रिलमध्ये हवामान विभागानं देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता आणि त्यात ५ टक्के कमी-जास्त होऊ शकेल असंही सोबत म्हटलं होतं. ही सरासरी साधारण ८७ सेंटीमीटरची आहे. हंगाम संपला तेव्हा आकडा ९४ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे अंदाज अगदी चौकटीत बसला. पण त्याच हंगामातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कपाशी फुला-पात्यांवर असताना महिनाभर आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला ‘अंदाज खरा ठरला’ असं सांगून बघा! चार महिन्यांचा आणि अख्ख्या देशाचा आकडा त्याच्या महिन्याबद्दल आणि त्याच्या शिवाराबद्दल काहीच सांगत नव्हता. आम्ही बातमी देताना ‘५ टक्के कमी-जास्त’ हे कापलं होतं आणि ‘देशभराची सरासरी’ शेवटच्या परिच्छेदात टाकली होती. शेवटचा परिच्छेद जागा कमी पडली की आधी उडतो, हे पुरवणीवर काम केलेल्या कोणालाही विचारा.

‘शक्यता आहे’ म्हणजे नेमकी किती?

सांगणारा कोण आहे, त्यावर आहे. हा गोंधळ फार कमी लोकांच्या लक्षात येतो, म्हणून जरा थांबतो.

हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकात तळाला एक तक्ता असतो. त्यात ‘शक्यता आहे’ या अर्थाच्या शब्दाला २५ ते ५० टक्के, त्याच्या वरच्या पायरीला ५० ते ७५ टक्के आणि सर्वांत वरच्या पायरीला ७५ टक्क्यांहून जास्त असे आकडे बांधलेले आहेत. हवामानबदलावर अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची आयपीसीसी ही समिती तोच इंग्रजी शब्द वापरते, पण तिच्याकडे त्याचा अर्थ ६६ टक्के किंवा त्याहून जास्त. ‘दाट शक्यता’ म्हणजे तिथे ९० च्या पुढे आणि ‘जवळपास निश्चित’ म्हणजे ९९ च्या पुढे. एकाच शब्दाचा अर्थ एकीकडे ‘निम्म्याहून कमी’ आणि दुसरीकडे ‘दोन तृतीयांशाहून जास्त’. दोन्ही मराठीत येतात तेव्हा ‘शक्यता आहे’ एवढंच उरतं.

माझा नियम सोपा आहे. मूळ कागदात आकडा असेल तर तो शब्दाला चिकटवूनच द्यायचा. ‘पावसाची शक्यता’ असं न लिहिता ‘असे दहा दिवस आले तर त्यांतल्या तीन-चार दिवशी पाऊस होतो’ असं लिहावं. ओळ वाढते, वाढू द्यावी.

मराठीत यासाठी पुरेसे शब्दच नाहीत, खरं का?

हे प्राध्यापकांकडून ऐकतो तेव्हा हसू येतं. मराठीत शब्द आहेतच, शिवाय क्रियापदाच्या शेपटातच अख्खी शिडी आहे. सकाळी दार उघडलं आणि अंगण ओलं दिसलं, तर आपण काय काय म्हणू शकतो ते पाहा.

‘रात्री पाऊस झालाय.’ मी पाहिलाय, किंवा पत्र्यावर वाजताना ऐकलाय.
‘रात्री पाऊस झाला असणार.’ पाहिला नाही, पण दुसरं कारण सुचत नाही.
‘रात्री पाऊस झाला असावा.’ खुणा तशा दिसतात, म्हणून हा तर्क.
‘रात्री पाऊस झाला असेल.’ अंदाज करतोय, पुरावा विचारू नका.
‘झाला असेलही.’ मला फारसं पटलेलं नाही, पण भांडत नाही.
‘रात्री पाऊस झाला म्हणे.’ दुसऱ्यानं सांगितलं, जबाबदारी त्याची.

आपली आजी या सहा पायऱ्या न चुकता वापरते, कोणी शिकवलेल्या नसतात. आपण लिहायला बसलो की सगळ्या गिळून ‘शक्यता वर्तवण्यात आली आहे’ असं एकच छापील वाक्य काढतो. संशोधनाच्या निष्कर्षाला बहुतेक वेळा ‘असावा’ची पायरी शोभते, कारण खुणा हाती आहेत आणि त्यांवरून तर्क केलेला आहे. ‘असेल’ म्हटलं तर संशोधकाच्या मेहनतीवर पाणी पडतं आणि ‘आहे’ म्हटलं तर त्याच्या पदरी नसलेली खात्री त्याच्या गळ्यात पडते.

‘म्हणे’ला छापील मराठीत मज्जाव आहे, याचं मला वाईट वाटतं. ‘कोरफडीनं साखर उतरते म्हणे’ हे वाक्य ‘कोरफडीने साखर उतरते’ या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वाक्यापेक्षा दहापट प्रामाणिक आहे.

बातमीत अर्थ नेमका कुठे बिघडतो?

बहुतेकदा काळात. संशोधक लिहितो, ‘ज्या शेतांत आम्ही ही फवारणी केली, तिथे अळी कमी आढळली.’ हा भूतकाळ आहे, म्हणजे त्या शेतांत, त्या हंगामात. बातमीत होतं, ‘या फवारणीने अळी कमी होते.’ हा रीतिवर्तमान आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, आंबा उन्हाळ्यात पिकतो, तसा कायमचा नियम झाला. एकही शब्द खोटा नाही आणि तरी अर्थ शिवार ओलांडून राज्यभर पसरला. मी नव्या बातमीदाराला सावधगिरीचे शब्द शिकवत बसत नाही. ‘आढळलं’चं ‘असतं’ करू नकोस, एवढं सांगतो. निम्मं काम तिथेच होतं.

शीर्षकात तर क्रियापदच गळतं. ‘केळीच्या सालीने रक्तदाब नियंत्रणात’ यात कुणाच्या, किती जणांच्या आणि उंदरांच्या की माणसांच्या, काही कळत नाही. ‘उंदरांवरील प्रयोगात’ हे दोन शब्द शीर्षकात बसतात. बसवायचे असतील तर.

‘सिद्ध झालं’ कधी लिहायचं?

गणितात लिहा. इतरत्र हात आखडता घ्या, पण कायमचा नको.

हिग्ज हा अणूहूनही सूक्ष्म कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी झाली. त्या क्षेत्रात ठरलेली पातळी अशी की, कण नसतानाही निव्वळ योगायोगानं असा संकेत दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक इतकी खाली आल्याशिवाय ‘शोध’ म्हणायचं नाही. शेतीच्या किंवा औषधाच्या प्रयोगात ही रेघ बऱ्याचदा विसात एक एवढ्यावर असते. दोन्हीकडच्या बातमीत मात्र ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ हेच येतं.

शब्द पुराव्याबरोबर कसे चढतात, ते हवामानबदलाच्या अहवालांत दिसतं. १९९५ साली आयपीसीसीनं लिहिलं की पुराव्याचं पारडं मानवी प्रभावाकडे झुकतं. २००१ मध्ये म्हटलं ‘शक्यता’, म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर. २००७ मध्ये ९० च्या वर, २०१३ मध्ये ९५ च्या वर. २०२१ मध्ये मात्र टक्केवारीच सोडली आणि माणसानं पृथ्वी तापवली हे निर्विवाद आहे, असं लिहिलं. पंचवीस-सव्वीस वर्षं एकेक पायरी चढून आलेला तो ‘निर्विवाद’ आहे. अशा वेळी आपण सवयीनं ‘असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे’ लिहिलं, तर तीही चूकच. सावधगिरी वाक्यभर मिठासारखी शिंपडू नये. जिथे शंका आहे तिथेच तिनं बसावं.

सिद्धांत, गृहीतक, लक्षणीय हे शब्द कसे वापरायचे?

जपून. ‘तो तर नुसता सिद्धांत आहे’ असं आता मराठीतही ऐकू येतं, पण ही इंग्रजीतल्या ‘थिअरी’ या शब्दावरच्या वादाची नक्कल आहे. मराठीत ‘सिद्धांत’ या शब्दातच ‘सिद्ध’ बसलाय, त्यामुळे आपल्याकडे उलटा घोटाळा होतो. कोणाचीही कच्ची कल्पना ‘अमुक यांचा सिद्धांत’ म्हणून छापली की ती पक्की वाटायला लागते. ‘गृहीतक’ ऐकलं की लोकांना ‘गृहीत धरलं’ आठवतं, म्हणजे न तपासता मानलं. खरं तर ते तपासण्यासाठीच मांडलेलं असतं. मी ‘तपासायची कल्पना’ लिहितो. भारदस्त वाटत नाही, पण कळतं.

‘लक्षणीय वाढ’चं दुखणं वेगळं आहे. संख्याशास्त्रात याचा अर्थ एवढाच की फरक योगायोगाचा वाटत नाही. फरक मोठा आहे, असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं. एकरी दहा किलोची वाढही या अर्थानं लक्षणीय ठरू शकते आणि ती फवारणीच्या मजुरीतच जाते.

‘शक्यता नाकारता येत नाही’ हे सावध वाक्य नाही का?

नाही. आज दुपारी तापीला पूर येण्याची शक्यताही नाकारता येत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्याला वाचवतं, वाचणाऱ्याला काही देत नाही. मी ते कापतो.

कपाशीतल्या तणनाशकानं कर्करोग होतो का? एक जण हो म्हणतो, दुसरा नाही.

ग्लायफोसेटबद्दल विचारताय. मला सर्वांत जास्त वेळा आलेला हा प्रश्न आहे आणि यात दोघंही खरं बोलत असू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था पदार्थांचे गट पाडते. २०१५ साली तिनं ग्लायफोसेटला ‘२ अ’ गटात टाकलं, म्हणजे माणसात ‘बहुधा’ कर्करोगकारक. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञगटानं सांगितलं की अन्नातून पोटात जाणाऱ्या मात्रेनं माणसाला कर्करोगाचा धोका संभवत नाही. लोक म्हणाले, यांचंच यांच्यात जमत नाही.

पण दोन प्रश्न वेगळे होते. कठडा नसलेली विहीर घ्या. माणूस तिच्यात पडून मरू शकतो का? शकतो, हे पक्कं. ती पडीक रानात आहे की शाळेच्या वाटेवर, आणि तिथून रोज किती पोरं जातात, हा दुसरा प्रश्न. पहिली संस्था विहिरीला कठडा आहे का ते बघते, दुसरा गट वाटेवरची वर्दळ मोजतो. म्हणून पहिल्या संस्थेनं दिलेला ‘१’, ‘२ अ’ असा क्रमांक पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. तंबाखू, सुपारी आणि प्रक्रिया केलेलं मांस तिन्ही ‘१’ गटात आहेत. तिघांबद्दलचा पुरावा पक्का आहे, तिघं सारखे मारक आहेत असं नाही. मोबाइलच्या लहरी २०११ पासून ‘२ ब’ मध्ये आहेत आणि २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ तिथेच गेला. तिथे पुरावा तोकडा आहे.

आता आपल्याकडचा मुद्दा. ‘अन्नातून धोका संभवत नाही’ हे वाक्य खाणाऱ्याबद्दल आहे. पाठीवर पंप, अंगात बनियन, पायात चप्पल आणि नोझल तुंबलं की तोंडानं फुंकणारा सालदार त्यात धरलेलाच नाही. त्याच्या कातडीला आणि नाकाला जी मात्रा मिळते ती ताटातल्या मात्रेहून कितीतरी जास्त. म्हणून तणनाशकाची बातमी देताना मी आधी विचारतो, हे कुणासाठी म्हटलंय? खाणाऱ्यासाठी की फवारणाऱ्यासाठी? उत्तर कागदात नसेल तर ‘सुरक्षित’ हा शब्द जात नाही.

‘धोका दुप्पट’ वाचलं की घाबरायचं का?

आधी विचारा, कशाच्या दुप्पट? समजा एखादा आजार दहा हजारांत एकाला होतो आणि एखाद्या सवयीनं तो दोघांना झाला, तर तो ‘दुप्पट’. दहा हजारांत हजारांना होणारा आजार दोन हजारांना झाला, तोही ‘दुप्पट’. पहिल्यात दहा हजारांमागे एक माणूस वाढला, दुसऱ्यात हजार. औषधाचा फायदा सांगताना कंपन्या टक्केवारी देतात आणि दुष्परिणाम सांगताना ‘हजारात एक’ देतात, ही चलाखी एकदा कळली की जाहिरात वाचायला मजा येते. दोन्ही एकाच मापानं मागा.

सिकलसेलच्या शिबिरात ‘पंचवीस टक्के’ कसं समजावायचं?

सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ साली सुरू झालं आणि तपासण्या वाढल्या, तशी कागदावरची वाक्यंही पाड्यापाड्यांवर पोचली. आई आणि वडील दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचा अंश अंगात असेल, तर प्रत्येक मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि दोन्ही नसण्याची २५. हे वाक्य अचूक आहे आणि ऐकणाऱ्याला निरुपयोगी आहे. चार मुलांत एक आजारी, असाच त्याचा अर्थ लावला जातो. पहिलं मूल आजारी निघालं की घरचे म्हणतात, चला, भोग सरला, पुढची तीन चांगली.

एका शिबिरात मी एका आशाताईचं समजावणं पाहिलं. तिनं चार मक्याचे दाणे घेतले, दोन पांढरे आणि दोन लाल. नवऱ्याच्या मुठीत एक पांढरा, एक लाल, बायकोच्या मुठीतही तसंच. मग शेजारच्या पोरीला डोळे मिटून दोघांच्या मुठीतून एकेक दाणा काढायला सांगितला. लाल-लाल निघाले. दाणे परत मुठीत गेले. पुन्हा काढले, पुन्हा लाल-लाल. नवरा दचकून म्हणाला, ‘दोन्ही बारीला?’ आशाताई पावरी बोलीत काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे बघून मराठीत सांगितलं, ‘दाण्याला मागचं आठवत नाही ना, दादा.’ पुढे सात-आठ वेळा काढलं तेव्हा मिसळ निघाली. आपल्या दोन्ही मुठींत एकेक लाल दाणा आहे, हे त्या जोडप्याला दहा मिनिटांत कळलं. आमच्या पत्रकातला पाय-चार्ट त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

आणखी एक सांभाळायचं. शिबिरात होणारी विद्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते त्यावरून ठरत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते. मधल्या दिवसांत ‘तुला सिकलसेल निघाला’ असं कुणी म्हणू नये. त्या एका वाक्यावर सोयरिकी मोडतात.

शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात. मग विश्वास कशावर ठेवायचा?

बीटी कपाशीची, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीची गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडली. २००२ मध्ये तिला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. गुलाबी बोंडअळी तिला एक दिवस सरावू शकते, हे शास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून सांगत होते. म्हणून तर कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावा, ते बियाणं पाकिटासोबतच देतो, असं होतं. किती जणांनी लावलं? आमच्या गावात ते छोटं पाकीट बांधावर फेकलेलं मी पाहिलंय. २०१० मध्ये गुजरातेतून बातमी आली की पहिल्या पिढीच्या बीटीला अळी जुमानत नाही. पुढे दोन जनुकांच्या वाणालाही ती सरावली आणि २०१७ ला महाराष्ट्रात बोंडं फोडली की आत अळी, अशी गत झाली.

इथे मत बदललं की किडा बदलला? मूळ विधान असं होतं: ‘सध्या अळी मरते, पुढे सरावू शकते, म्हणून हे करा.’ दुकानापर्यंत पोचताना त्यातलं ‘सध्या’ गळलं, ‘पुढे’ गळलं, ‘म्हणून’ गळलं आणि ‘अळी मरते’ एवढं उरलं. ज्याला सबंध वाक्य मिळालंच नाही तो ‘फसवलं’ म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही.

सल्ला बदलतो तेव्हा आधी काय सांगितलं होतं, आता काय आणि मधे काय नवं कळलं, हे तिन्ही एकाच जागी लिहावं. नुसता नवा सल्ला टाकला तर लोकांना धरसोड वाटते.

खात्री नसेल तर शेतकऱ्यानं हातावर हात ठेवून बसायचं का?

मुळीच नाही, आणि तज्ज्ञांचा हा भाग बऱ्याचदा कच्चा असतो. ‘अजून अभ्यासाची गरज आहे’ म्हणून ते मोकळे होतात. शेतकऱ्याला उद्या सकाळी ठरवायचं असतं.

गुलाबी बोंडअळीचे पतंग मादीच्या वासानं ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांचा नियम मला म्हणूनच आवडतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, तर फवारा. पुढे नुकसान होईलच अशी हमी त्यात नाही. या रेषेपलीकडे वाट बघणं फवारणीपेक्षा महाग पडतं, एवढंच ती रेघ सांगते.

केळीवरच्या हरण्याचंही तसंच. हा काकडीवरच्या मोझॅक विषाणूचा रोग, मावा तो पसरवतो आणि झाडाला एकदा लागला की बरं करणारं औषध नाही. पानावर पिवळे पट्टे दिसले की प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट बघायची की झाड उपटायचं? चार-दोन झाडांची गोष्ट असेल तर उपटून पुरा. चुकलं तर चार झाडं गेली, थांबून चुकलं तर बाग. शेजारच्या बागेत सगळीकडे दिसत असेल आणि तुम्ही हजार झाडं काढायला निघाला असाल, तर मात्र आधी तपासून घ्या. पुरावा तोच, पण चुकीची किंमत वेगळी.

‘घाबरू नका’ म्हणावं का?

लोक घाबरलेले असतील तर मोह होतो. इटलीत लाक्विला शहराला २००९ साली लहान धक्के बसत होते, तेव्हा एका अधिकाऱ्यानं लोकांना निर्धास्त केलं. ६ एप्रिलला मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले. भूकंपाची तारीख कोणीच सांगू शकत नाही, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. लोकांपर्यंत पोचलं ते मात्र ‘काही होणार नाही’. ‘सांगता येत नाही’ या जागी ‘काही नाही’ आलं की असं होतं. मी ‘घाबरू नका’ऐवजी काय करायचं ते लिहितो: घर कच्चं असेल तर रात्री कुठे झोपायचं, पोरांना कुठे न्यायचं.

दोन्ही बाजू द्यायला नकोत का?

राजकारणात द्या. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख बारा मुलांवर होता आणि तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो २०१० मध्ये मागे घेतला. त्याला आज अर्धं पान देणं म्हणजे तोल सांभाळणं नव्हे.

आखाजीच्या ढेकळांचं भाकीत छापावं का?

आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीखाली चार ढेकळं ठेवत, पावसाच्या चार महिन्यांची चार. जे भिजलं त्या महिन्यात पाऊस. माझी आजी ते मन लावून बघायची आणि तरीही पेरणी मात्र जमिनीत वीतभर ओल गेल्यावरच करायला लावायची. प्रथा म्हणून जरूर छापा, फोटोसह. ‘यंदा श्रावणात भरपूर पाऊस’ हे शीर्षक देऊ नका. त्या भाकितात कमी-जास्तची मुभा नाही आणि गेल्या वर्षी किती खरं ठरलं याची वहीही कोणी ठेवत नाही. एखाद्या शाळेनं दहा आखाज्या ती वही ठेवली, तर मी ती आनंदानं छापून आणीन.

महाविद्यालयाचं प्रसिद्धिपत्रक लिहिताना संशोधकानं काय बघावं?

आधी तुमचं वाक्य गावातल्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, ‘आता तू काय करशील?’ तो म्हणाला, ‘उद्या दुकानातून आणीन’, आणि तुमचा प्रयोग अजून काचेच्या बशीत असेल, तर पत्रक पुन्हा लिहा. प्रयोग बशीत झाला, कुंडीत झाला की शेतात, किती हंगाम झाला, हे पहिल्या दोन ओळींत आणा. विद्यापीठाची शिफारस यायला साधारण तीन हंगामांच्या चाचण्या लागतात, हे शेतकऱ्याला माहीत असतं. ‘शिफारस अजून झालेली नाही’ या चार शब्दांचा अर्थ त्याला चटकन कळतो. ‘भविष्यात क्रांती’ वगैरे काढून टाका.

आणि चूक छापून गेली तर?

माझी गेली होती. एका वनस्पतीच्या अर्कानं केळीवरच्या करप्याच्या बुरशीची वाढ प्रयोगशाळेत कमी झाली, असं पत्रक आलं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि पान सोडायचं होतं. मी शीर्षक दिलं, ‘करप्यावर रामबाण उपाय’. आत ‘प्रयोगशाळेत’ हा शब्द होता, पाचव्या ओळीत.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी यावलकडचे एक बाबा एसटीनं कार्यालयात आले. पिशवीतून त्यांनी केळीच्या पानाचा तुकडा काढला, आमच्याच पुरवणीत गुंडाळलेला. पान काठानं तपकिरी झालं होतं. ‘कुठे भेटते ही बाटली?’ म्हणाले. बाटली नव्हतीच. मी त्यांना प्रयोगशाळा म्हणजे काय ते सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, पान परत गुंडाळलं आणि विचारलं, ‘मग असं लिहिलं का नाही?’

खुलासा आम्ही चौथ्या दिवशी छापला, पान सातवर, एक कॉलम. आता कोणाची चूक दुरुस्त करायची असली, तर मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर, तेवढ्याच टायपात मागतो. संपादक कुरकुरतात. दोनदा मिळालंय.